पदराआडचा पंप

“आजी, रोजच्यासारखा पंप घेऊन दाखवा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. कोरोनापासून भागूबाईंच्या दम्याचं सगळं फोनवरच चाललं होतं. “पंप घेतात ना?” डॉक्टरबाईंनी विचारलं, की मुलगा रामहरी मिरजगावातून ठोकून द्यायचा, “घेते की.” यंदा धाप थांबेना, तेव्हा त्यानं आईला नगरच्या दवाखान्यात आणलं. भागूबाईंनी तोंडावर पदर घट्ट धरला आणि पदरावरूनच पंप दाबला. औषध लुगड्यातच जिरलं. तिथला पांढरट डाग रामहरीला इतकी वर्षं पानाच्या चुन्याचा वाटत होता. “असा का घेता?” “कोरोनात ह्यानंच सांगितलं हुतं. घरात लेकरं हायेत, तोंड उघडायचं न्हाई.” कोरोना सरला, लेकरं मोठी झाली, पण ती ताकीद मागं घ्यायचं रामहरीला कधी सुचलंच नाही. त्याची मान खाली गेली. “आजी, तोंडावरचा पदर काढा.” पदर तसाच धरून भागूबाईंनी लेकाकडे पाहिलं. “काढू का रं?”