रिकामा काटा

"आधी रिकामा काटा दाखव," कुमुदकाकू म्हणाल्या.

नाईलच्या सहलीत त्यांचा प्राण गेला, त्यामुळे निवाडाही तिथल्याच देवांकडे आला होता. कोल्हेतोंड्या देवाने एका पारड्यात त्यांचं काळीज ठेवलं, दुसऱ्यात सत्याचं पीस. काळीज जड भरलं, तर शेजारचा मगरतोंड्या प्राणी ते गिळणार, हे गाइडने सकाळीच सांगितलं होतं. प्राणी चांगला गुटगुटीत होता. त्यात, जावेची पैठणी नेसायला आणून 'हरवली' म्हणून पेटीत दडवलेली काकूंना आत्ताच आठवली.

देवाने कुरकुरत पारडी रिकामी केली. काळजाचं पारडं तरीही खालीच राहिलं. काकूंनी त्याच्या बुडाशी बोट फिरवलं, तर चिखलाचा वाळका गोळा हाती आला.

"देव म्हणवतोस आणि काटा मारतोस?"

देवाने प्राण्याकडे पाहिलं. प्राण्याने छताकडे.

गोळा काढून पुन्हा वजन झालं. पैठणीपुरता फरक उरलाच. प्राणी आशेने पुढे सरकला.

"बघतोस काय? एवढं लुबाडलंस, आता दोन पिसं वर टाक!"

मागची लांबलचक रांग कान टवकारून ऐकत होती. देवाने घाईघाईने चार टाकली.