येते हं

बोटस्वानाच्या जंगलातली म्हातारी हत्तीण पडद्यावर आली, तशी केतकी आईच्या कानाशी लागली. “विचारेल तेवढंच बोल. तिनं नाही म्हटलं की टूरवालेही काही करू शकत नाहीत.”

“माहेरी जायलाही मला इतकं विचारावं लागलं नव्हतं,” शरयूताई पुटपुटल्या.

कळपाची परवानगी असल्याशिवाय आता जंगलात कुणालाच सोडत नसत. आणि पुढच्या वर्षापर्यंत शरयूताईंची दृष्टी टिकणार नव्हती.

हत्तीण घुमली. भाषांतर करणाऱ्या यंत्रानं मराठीत विचारलं, “कशाला यायचंय?”

“डोळे जायच्या आधी तुम्हांला बघायचंय.”

हत्तिणीचे कान सावकाश हलले. “विचार करते.”

“बरं बाई, येते हं,” शरयूताईंनी सवयीनं हात जोडले.

यंत्रानं ते पोचवलं आणि हत्तीण ताठ झाली. मागच्या माद्यांनी पिल्लांना मध्ये घेतलं.

“न विचारता येणाऱ्यांकडे बंदुका असतात,” यंत्र म्हणालं.

केतकीनं आईचा दंड धरला. “तू निरोप घेतलास, पण तिला वाटलं तू तिकडे यायला निघालीसच. ‘जाते’ म्हण, लवकर.”

“तसं म्हणू नये गं. म्हणणारा परत येत नाही.”

“आई, ती वळतेय.”

निरोप घेताना शरयूताईंनी तो शब्द जन्मात उच्चारला नव्हता. पडद्यावरची करडी, धूसर आकृती लहान होत चालली होती.

“जाते मी,” त्या म्हणाल्या.

हत्तीण थांबली. बराच वेळ नुसती खोल घरघर ऐकू येत राहिली. मग यंत्र बोललं.

“जाऊ नकोस. ये.”