व्हायोलाचा सूर

बँकेतली नोकरी सोडून नीरजा जर्मनीतल्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवायला गेली, तेव्हापासून परुळेकर मास्तर लेकीशी बोलले नव्हते. सहा वर्षांनी तिने वाजवलेल्या सिंफनीची सीडी पोस्टाने आली. पहिल्यांदा ऐकताना त्यांना नुसता गलका वाटला, तरी ते रोज सकाळी ती लावत राहिले. पंधरवड्याने त्यातली बासरी ओळखू आली. व्हायोलिनच्या खाली दबलेला व्हायोलाचा जाडसर सूर हाती लागायला मात्र चार महिने गेले. त्या दिवशी त्यांनी आपणहून फोन केला.

“नीरजा, दुसऱ्या भागात बासरी थांबते, तिथे व्हायोलिनच्या खालून तू वाजवतेस ना?” असं विचारून त्यांनी तो सूर गुणगुणून दाखवला.



“बाबा, माझ्या डाव्या हाताची दोन बोटं आता हलत नाहीत. ऑर्केस्ट्रा सुटून वर्ष झालं. ती सीडी शेवटची. तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होते?”

मास्तर खुर्ची ओढून फोनपाशी बसले.

“परत एकदा म्हणता?” ती रडत म्हणाली.

त्यांनी पहिल्यापासून गुणगुणायला सुरुवात केली.