शेजारच्या बेटावरची गोगलगाय

“शेजारच्या बेटावरही ही गोगलगाय आहे,” सर म्हणाले, आणि नव्या धक्क्याचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

बंदर अधिकाऱ्याने नकाशा गुंडाळायला घेतला. बेटाच्या एकाच खडकाळ काठावर एक समुद्री गोगलगाय राहते, ती जगात आणखी कुठेही नाही, या अहवालामुळे धक्क्यासाठीचा त्याचा भराव अडला होता. अडवणारी संशोधक बाई समोरच बसली होती. सरांचीच विद्यार्थिनी.

“सर, तिथे तुम्हाला नुसता शंख मिळाला होता,” ती म्हणाली. “वाळूत पडलेला. कुणाच्या जाळ्यातून सांडला असेल. रिकामं घर दिसलं म्हणून तिथे कुणी राहतं असं होत नाही.”

“पिल्लं प्रवाहात वाहत जातात ना?” अधिकाऱ्याने विचारलं.

“बाकीच्यांची जातात. हिची अंड्यातून निघतात ती थेट खडकावर रांगायला लागतात. पाण्यात सुटली की मेली. मधला समुद्र त्यांना ओलांडताच येत नाही.”

अधिकाऱ्याने सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते. बैठकीआधी जिन्यात तिने त्यांना हात जोडून हेच सांगितलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, “बाळ, दोन्ही बेटांवर असते हे मी जन्मभर शिकवलं. आता या वयात चुकलो म्हणू?”

“पोरगी हुशार आहे,” सर आता म्हणाले. “फक्त जीव फार लावते.”

सगळे कौतुकाने हसले.

अधिकारी माणूस वाईट नव्हता. भराव टाकायच्या आदल्या दिवशी त्याने तिला होडी दिली. “न्या मॅडम, जमतील तेवढ्या. आहेतच तिथे, त्यात चार आणखी.”

एका बेटावरचा खडासुद्धा दुसऱ्या बेटावर नेऊ नका, असं ती विद्यार्थ्यांना बजावत आली होती. त्या दिवशी तिने वाकून वाकून फटींतल्या गोगलगाई सोडवल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि शेजारच्या बेटावर नेल्या. तिथे त्या जगतील का, हे तिलाही माहीत नव्हतं. इथे मात्र मरणारच होत्या.

शेवटची गोगलगाय खडकावर ठेवत असताना सरांचा फोन आला.

“तिकडे गेलीयस म्हणे. दिसल्या का?”

तिने पायाशी पाहिलं. ठेवल्या होत्या तशाच बसल्या होत्या.

“दिसल्या, सर.”

“बघ,” सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. “तुझा विश्वासच नव्हता माझ्यावर.”

तिने फोन खिशात टाकला. भरतीची पहिली लाट खडकावर चढली. ओसरली तेव्हा निम्म्या गोगलगाई जागेवर नव्हत्या. ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि वाळूत हाताने चाचपू लागली.