उमेळ्याचे कोल्हे

कोल्ह्यांच्या बिळाच्या तोंडाशी पेंढा रचून झाला होता. दयारामने खिशातून काडेपेटी काढली, तेवढ्यात खाडीच्या बांधावरून प्लासिड येताना दिसला. एक हात पोटावर, दुसरा बायकोच्या, आल्बिनाच्या खांद्यावर.

जमलेली उमेळ्याची गावकरी मंडळी बाजूला सरली. अठ्ठ्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात पिसाळलेला कोल्हा भर दुपारी वाडीत शिरून चावला होता, तो प्लासिडलाच. कोल्हा तिथेच काठ्यांखाली मेला. प्लासिड मात्र तेव्हापासून रोज दवाखान्यात जाऊन पोटात सुया घेत होता.

“बरं झालं आलास,” दयारामने काडेपेटी पुढे केली. “आग तूच लाव. मान तुझा.”

प्लासिडने काडेपेटी घेतली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

“मला चावला तो मेला. आत कोण आहे?”

“मादी. आणि पिल्लं.”

“ती कोणाला चावलीयत?”

“चावायची वाट बघायची?” दयारामचा आवाज चढला. “माझी नातवंडं ह्याच बांधावर खेळतात, प्लासिड!”

प्लासिड सावकाश बांधावर टेकला. बसतानाही त्याने ओठ आवळले.

“डॉक्टरला मीपण तेच म्हटलं. एकूण एक कोल्हा मारून टाकतो. तो म्हणाला, कोल्ह्यांना हा रोग बहुतेक गावच्या कुत्र्यांकडून लागतो. खाडीतला शेवटचा कोल्हा माराल, तरी रोग तुमच्या ओट्यावरच झोपलेला असेल.”

गर्दीतल्या हिरामणच्या पायाशी त्याचा कुत्रा माश्या हाकलत बसला होता. हिरामणने त्याच्याकडे पाहिलं आणि पाय जरा मागे घेतला.

“आणि मादीला आधीच लागला असेल तर?” दयारामने विचारलं.

“असेलही. मी नाही म्हणत नाही. पोरांना महिना-दोन महिने इकडे पाठवू नका. मी रोज संध्याकाळी वाडीच्या कुंपणातून बघत जाईन. एक जरी झोकांड्या खाताना दिसला, तर काठी घेऊन मीच तुला हाक मारीन.”

“सुया ह्यांच्या पोटात जातायत, दयारामभाऊ,” आल्बिना म्हणाली. “राग कोणावर काढायचा ते ह्यांना ठरवू दे.”

दयारामने पायाने पेंढा बाजूला सारला.

मे सरता सरता पिल्लं बिळाबाहेर येऊन एकमेकांच्या शेपट्या ओढू लागली. प्लासिडची हाक काही आली नाही. दयाराम मात्र वसईला खेपा घालून जनावरांच्या डॉक्टरला गावात घेऊन आला.

चर्चच्या आवारात कुत्र्यांची रांग लागली. कोणी दोरीने आणलेला, कोणी काखेत मारून. दयाराम एकेकाची मानगूट धरायचा, डॉक्टर लस टोचायचा. दयारामचे दोन्ही हात ओरबाडून निघाले होते. प्लासिड खुर्चीत बसून प्रत्येक कुत्र्याला सुनावत होता, “एकच तर सुई आहे! रडतोस काय?” आणि स्वतःच हसत होता.

दिवस कलला. तिवरांच्या झाडीतून एक कोल्हा ओरडला, मग त्याला बाकीच्यांनी साथ दिली. रांगेतले सगळे कुत्रे एकदम भुंकायला लागले.

दयारामने मांडीवरचं कुत्र्याचं थरथरणारं पिल्लू पोटाशी धरलं.

“गप रे,” तो म्हणाला. “घरचेच आहेत.”