शून्याचा मानकरी

धाकट्या दिराला या व्यवहारात तोटा म्हणून नव्हताच. शुक्रवारी वहिनीच्या प्रयोगशाळेत जायचं, बोट पुढे करायचं, रक्ताचा एक थेंब द्यायचा. बदल्यात गार हवेतली खुर्ची, कॉफीचा कप, आणि घरी थोरल्या भावाला ऐकवायला एक वाक्य: "तुझ्या बायकोचं यंत्र माझ्यावाचून अडतं." आयुष्यात साधी सर्दी झाली नाही, ही त्याची एकुलती एक पदवी. तिला इथे भाव होता.

आज वहिनीचा फायदा त्याहून मोठा होता. यंत्र पास झालं तर ते दवाखान्यादवाखान्यात जाणार होतं. यकृतात वर्षानुवर्षं बिऱ्हाड करून राहणारा, चाहूलही लागू न देणारा विषाणू ते एका थेंबात पकडायचं. काचेच्या पट्टीत केसाहून बारीक पाट कोरलेले. थेंब त्यांतून वाहायचा, विषाणू असले तर ते कडेला चिकटायचे आणि वरून सोडलेल्या प्रकाशाचा रंग तेवढा सरकायचा. किती सरकला, ते स्क्रीनवर आकड्यात. फक्त शून्य कुठे, ते आधी निरोगी रक्तावर लावून घ्यावं लागे. ते रक्त दिराचं.

मंजुरी द्यायला आलेल्या तपासनीस बाईंनी रोग्यांचे नमुने घालून पाहिले. सगळे आकडे झकास वर चढले. बाईंनी चष्मा पुसला.

"आता माझं घ्या."

असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. आजवर या काचेवर रोग्यांचं रक्त आलं होतं आणि दिराचं. तिसरं नाही.

स्क्रीनवर आलं: उणे बारा.

"उणे?" बाई म्हणाल्या. "माझ्यात विषाणू नाहीत, इथपर्यंत कळलं. पण नसण्याहून कमी म्हणजे किती?"

"पट्टी खराब असेल," प्रकाशाची बाजू सांभाळणारा सहकारी म्हणाला. नवी पट्टी लावून त्याने स्वतःचं बोट टोचलं. उणे अकरा. वहिनीने आपलं दिलं. उणे बारा. त्याने भिंग पुसलं, खिडकी झाकली, आणि ते मुद्दाम करतंय अशा नजरेने यंत्राकडे पाहिलं.

"दिवा तापला असेल," तो म्हणाला.

"तापला तर आकडा वर जाईल. खाली कसा?" वहिनी म्हणाली.

"मग गार पडला असेल."

"काहीतरी एक ठरवा," बाई म्हणाल्या आणि पेनाचं टोपण परत लावलं.

ते टोपण पाहून वहिनीने सकाळची नोंद पुन्हा उघडली. सकाळपर्यंत सगळं ठीक होतं. सकाळी शून्य तिनेच लावलं होतं.

दीर खुर्चीत कॉफी संपवत होता. "सोप्पं आहे की. तुम्ही सगळे माझ्याहून धडधाकट निघालात. वहिनी, माझी नोकरी गेली म्हणायची."

सहकारी हसला. बाईही हसल्या. वहिनी हसायला लागली आणि मध्येच थांबली.

नव्या पट्टीवर तिने बाईंच्या रक्ताचा थेंब ठेवला आणि शून्याचं बटण दाबलं. ते पाहून सहकाऱ्याचं हसू उतरलं.

"भावोजी, बोट द्या जरा."

"परत? सकाळीच दिलं ना. अजून एक कॉफी लागेल."

"देते. बोट द्या."

थेंब पाटातून सरकला. आकडा चढला आणि थांबला. बारा. आता त्याच्यामागे उणे नव्हतं.

"म्हणजे यंत्र बरोबर होतं," बाई हळूच म्हणाल्या.

"हो," वहिनी म्हणाली. "शून्य चुकलं होतं."

दिराने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "बारा म्हणजे चांगलंच ना? मघाशी सगळे उण्यात होते. उणे गेलं की."

"यावर औषधं आहेत हल्ली," बाई कागदाकडे बघत म्हणाल्या. टोपण काढून त्यांनी शेरा लिहिला: यंत्र समाधानकारक. शून्यासाठी यापुढे तपासलेलं रक्त वापरावं. खाली सही.

वहिनीला तिचं यंत्र मिळालं. सहकाऱ्याचा दिवा निर्दोष सुटला. बाईंना फुकटात कळलं की त्या ठणठणीत आहेत. दीर बोट वर धरून बसला होता. एरवी तो ते पँटला पुसून मोकळा व्हायचा. आज थेंब ओघळून तळहातावर आला, तरी कुठे पुसावं ते त्याला कळेना.

वहिनी कापूस घेऊन पुढे झाली, तसा त्याने हात मागे घेतला.

"राहू द्या वहिनी," तो म्हणाला. "तुम्ही तिकडे ठेवा. मी घेतो."