कसरीचा आढळ

स्वेटरच्या दोन बाह्या तेवढ्या उरल्या होत्या. मधला स्वेटर नव्हता.

भीमाबाईनं त्या बाह्या लेकीपुढे, भाग्यश्रीपुढे धरल्या. दवाखान्यात जायच्या सकाळी जानरावानं अंगातून काढून ठेवलेला हा निळा स्वेटर तिनं चार वर्षं पेटीत जपला होता. धुतला नव्हता. धुतला असता तर नवऱ्याचा वास गेला असता.

पेटीच्या झाकणावर काकडीच्या बीएवढ्या चपट्या पिशव्या सरकत होत्या. आत कसरीच्या अळ्या. ही अळी जे खाते त्याचीच पिशवी विणते, म्हणून सगळ्या पिशव्या निळ्या होत्या. एकूण सतरा जानराव झाकण चढत होते.

भाग्यश्री याच पतंगावर पीएचडी करत होती. त्यामुळे तिला दुर्दैवानं सगळं माहीत होतं. पतंग झाल्यावर कसर काहीच खात नाही. खायचं ते अळीपणीच उरकते. आणि अळीला धुतलेली लोकर फारशी आवडत नाही. घामाची आवडते.

"कावून झालं वं हे?" भीमाबाईनं विचारलं. "मी धुतलं असतं तं वाचलं असतं का?"

"नाही आई. ये कसर है ही नहीं. कपडाच जुना झाला."

"मंग हे कोण चालून राहिलं?"

"दुसरंच काहीतरी. कसर आपल्या भिलाईत नसतेच. मी सर्व्हे केला न."

"लिहून दाखव."

भीमाबाईला तोंडी सांगितलेलं पटत नसे. कागद लागे.

भाग्यश्रीनं सर्व्हेचा, आजूबाजूच्या गावांचा तक्ता काढला. जामुल: आढळ आहे. कुम्हारी: आढळ आहे. कुरुद: आढळ आहे. तीन वर्षांत तिनं त्यात एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. भिलाईचा रकाना रिकामा होता. तिनं लिहिलं: आढळ नाही. शाई वाळायच्या आत एक निळी अळी त्यावरूनच पलीकडे गेली. दोघींनी तिला जाऊ दिलं. मग भाग्यश्रीनं खाली सही केली, तारीख घातली.

भीमाबाईनं अक्षरांवरून बोट फिरवत सगळं वाचलं. दोनदा वाचलं. मग तिनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुह्या बापानंही कोविड वॉर्डातून असंच लिहून धाडलं होतं," ती म्हणाली. "बरा आहो. उद्या येतो."